हेमांगीचं पुढे काय झालं

जयू,

काल तुझ्या दहाव्याला आले होते. तुझ्या लेकीने, वैशालीने, चहा करताना विचारलं, "मावशी, साखर किती घालू?" आणि मला पटकन उत्तरच सुचेना. इतकी वर्षं तुझ्या घरी चहा प्यायले, पण साखर किती हे कुणी विचारलं नव्हतं. तू विचारणारी नव्हतीस. तू हातात कप द्यायचीस आणि तो बरोबर असायचा. वैशालीची काही चूक नाही, पोर बिचारी रडून रडून सुजली होती. पण तू गेलीस हे मला स्मशानात कळलं नव्हतं इतकं त्या साखरेपाशी कळलं.

ऑफिसात शोकसभा झाली. नव्या साहेबांनी कागदावरून वाचून दाखवलं, जन्म कुठला, नोकरीला कधी लागली, आजार कोणता. पुढे 'कर्तव्यदक्ष' आणि 'मनमिळाऊ'. मनमिळाऊ! मी रुमाल तोंडाला लावला तो हसू दाबायला, आणि लोकांना वाटलं मला हुंदका आला. ज्या बाईने हेडक्लार्कला भर ऑफिसात सुनावलं होतं की "तुमच्या अक्षरापेक्षा आमच्या कोंबडीचं बरं," ती मनमिळाऊ. असो. गेलेल्या माणसाला लोक असंच इस्त्री करून घडी घालून ठेवतात.

हेमांगीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. निम्म्यांना माहीतच नाही, नवीन आहेत. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटलं असेल, अशा प्रसंगी कादंबरीबिदंबरीचं काय बोलायचं. पण ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत किती तरी बायका तुला ओळखायच्या त्या केवळ हेमांगीमुळे. तुझा चेहराही त्यांनी पाहिला नव्हता.

वैशालीला यातलं अर्धंमुर्धं माहीत आहे, म्हणून मी सगळं नीट मांडून लिहितेय. तुला पाल्हाळ वाटलं तर वाटू दे. आता तू मध्येच तोडू शकत नाहीस.

ती कादंबरी आपल्या वेळच्या प्रत्येक मुलीने वाचलेली. हेमांगी पुण्याची, बंगल्यात राहणारी, सतार वाजवणारी. अनिरुद्ध परदेशी जातो, येईन म्हणतो. ती थांबते. चांगली चांगली स्थळं नाकारते, वडील जातात, केस पांढरे व्हायला लागतात, तरी थांबते. आणि अगदी शेवटच्या पानावर तो बंगल्याच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. 'हेमांगीने फाटक उघडलं.' बस, कादंबरी संपली. आपल्या टायपिंग सेक्शनच्या मुख्य लेलेबाई दर दिवाळीच्या सुट्टीत ती वाचायच्या आणि दर वेळी त्या फाटकापाशी रडायच्या.

आपलं सुरू झालं ते ऑफिसातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी. सगळ्या बायका वरच्या हॉलमध्ये गेलेल्या. आम्ही बौद्ध, आईने ते सगळं माझ्या जन्माआधीच सोडलेलं, त्यामुळे मी दर वर्षी खाली मशीनपाशी एकटी बसायची. तू त्या वर्षीच बदली होऊन आली होतीस. हातात हिरवा चुडा, नवरा, दोन पोरं, सगळं जागच्या जागी. तुला वर जायला काहीच हरकत नव्हती. शिपाई बोलवायला आला तर तू म्हणालीस, "माझा कागद लावलाय मशीनवर, तुम्ही घ्या वाण माझ्या वाटचं." मशीनवर कागद नव्हता. मी पाहिलं होतं.

माझ्या टेबलावर लायब्ररीची ती कादंबरी होती. तू उचललीस आणि सरळ शेवट उघडलास. "वाचलीय गं शाळेत असताना," म्हणालीस. "पण एक सांग सुनी, फाटक उघडलं, बरं. त्याला आत घेतलं की ही बाहेर गेली?"

मी म्हटलं, "अगं, आत घेतलं. एवढी वर्षं कशासाठी थांबली मग?"

"तसं लिहिलेलं नाय ना पण कुठे."

आणि मग खरोखरच मशीनवर कागद लावलास. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'हेमांगीने फाटक उघडलं, अनिरुद्धच्या बॅगेला वळसा घातला, आणि ती रस्त्याला लागली.'

लेलेबाई वरून वाणाची वाटी घेऊन आल्या तेव्हा पहिला भाग तयार होता. त्यांनी वाचला आणि खुर्चीत बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं. "जयवंती," म्हणाल्या, "ती पायांत काही न घालता बाहेर पडली असेल. तिला निदान वहाणा तरी दे." म्हणजे बाई वाचकच होत्या, पहिल्या मिनिटापासून.

मग दर शनिवारी एक भाग येऊ लागला. कागद तुझे, कार्बन तुझा, मशीन तेवढं सरकारचं. जेवणाच्या सुट्टीत तू डबा एका हाताने खायचीस आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचीस, म्हणून तुझ्या कागदांना नेहमी सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास. मूळ प्रत लेलेबाईंची, कारण त्या मोठ्या. पहिली कार्बन माझी. दुसरी आपल्याच सेक्शनमधल्या, कल्याणच्या शकूची. पुढच्या प्रती कुठे कुठे जायच्या. शेवटची प्रत इतकी पुसट यायची की ती वाचणारीला निम्मी कादंबरी स्वतःच्या मनाने भरावी लागायची, आणि ती बाई म्हणे सगळ्यांत खूश होती.

तुझा नियम एकच होता. कागद परत करताना मागच्या बाजूला पेन्सिलीने मत लिहून द्यायचं. मत नाही तर पुढचा भाग नाही. लेलेबाईंची प्रत डोंबिवलीत त्यांच्या भजनी मंडळात फिरायची आणि परत येताना मागची बाजू गच्च भरलेली असायची. 'हेमांगीने पदर खोचून रस्त्यात धावू नये.' 'भाडं फार सांगितलंय, इतक्यात डोंबिवलीत दोन खोल्या मिळतील.' तू हेमांगीला ठाण्यात आणलंस, खाडीकडे एका कोळणीच्या घरात पोटभाडेकरू ठेवलंस. तेव्हा लेलेबाईंनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'हेमांगी बोंबील खाणे शक्य नाही.' पुढच्या शनिवारी हेमांगीने कोलंबी खाल्ली. 'पहिल्या घासाला नाक दाबलं, दुसऱ्याला नाही,' असं तू लिहिलंस. लेलेबाईंनी मागे काहीच मत दिलं नाही, नुसती एक रेघ ओढली. तू ती रेघ मत म्हणून चालवून घेतलीस.

शकूचं निराळंच. ती कागद घरी नेऊन चाळीत मोठ्याने वाचायची आणि वाचता वाचता स्वतःचंही घुसडायची. "जयू, मी काल थोडी फायटिंग टाकली हां बीच में, पब्लिक बोअर होत होती." तू चिडली नाहीस. उलट विचारलंस, "कुणी मारलं कुणाला?" हेमांगीला टायफॉइड झाला तेव्हा डोंबिवलीहून मेतकुटाचा डबा आला. 'हेमांगीसाठी, मऊ भाताबरोबर द्यावे,' अशी चिठ्ठी वर. तू तो घरी नेलास आणि तुझ्या आईने खाल्ला. आई तुझी पहिली श्रोती होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तू शुक्रवारी संध्याकाळी मासळी निवडता निवडता तिला कच्चा भाग सांगायचीस. तिने मान हलवली तरच तो शनिवारी टाइप व्हायचा.

आणि ती फाईल. ती आठवली की मी अजून एकटीच हसते. एका गावच्या विहिरीच्या दुरुस्तीचं टिपण तू घाईत टाइप केलंस आणि हेमांगीच्या भागाचं एक पान त्याला टाचलं गेलं. टिपण वर गेलं. क्लार्कने सही केली, त्याच्या वरच्याने 'सहमत' लिहिलं, त्याच्या वरच्याने 'पाहिले' लिहिलं, आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावरून फाईल परत आली ती त्या पानावर हिरव्या शाईत 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन. त्या पानावर काय होतं? अनिरुद्ध हेमांगीला शोधत त्या कोळणीच्या दारात आलेला, आणि हेमांगी मागच्या दाराने निघून गेलेली. लेलेबाई म्हणाल्या, "मेमो मिळणार, सगळ्यांना मिळणार." तू साडी नीट केलीस आणि गेलीस आत. पाच मिनिटांत बाहेर आलीस.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, विहिरीची दुरुस्ती मंजूर आहे. दुसऱ्या विषयाची फाईल वेगळी करा."

त्यांनी वाचलं होतं की नाही, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुढच्या शनिवारी भाग निघालाच. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे लोक म्हणायला लागले की जयूने साहेबाला घाबरून लिहिणं सोडलं. साहेबाला तू काय घाबरणार? तू थांबलीस ते माझ्यामुळे.

माझा प्रकाश तेव्हा मस्कतला होता. आमचं ठरलेलं. दोन वर्षांत येतो म्हणून गेलेला. तो पत्रं लिहायचा नाही, कॅसेट पाठवायचा. वर्तकनगरला आमच्या दोन खोल्यांत भावाचा टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून आई, भाऊ, वहिनी आणि मी, सगळे मिळून माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचो. मागे एसीची घरघर, मध्येच कुणीतरी मल्याळी बोलतंय, आणि प्रकाश म्हणतोय, "सुनंदा, बस थोडे दिवस." सुरुवातीला दर महिन्याला कॅसेट यायची. मग सणासुदीला. मग कुणी गाववाला सुट्टीवर आला तर त्याच्या हातून. दोन वर्षांची कितीतरी झाली. आईने विचारणं सोडलं, हे विचारण्यापेक्षा वाईट होतं.

अशात तू हेमांगीला फाटकाबाहेर काढलंस. मला राग येणार नाही तर काय? माझ्या प्रतीच्या मागे मी दर आठवड्याला एकच मत लिहायची. 'त्यांना भेटू दे.' तू दर आठवड्याला अनिरुद्धला तिच्या गल्लीपर्यंत आणायचीस आणि हुकवायचीस. एकदा मी डबा आपटला. आठवतं? शकूचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "तुला मजा वाटते ना? तो बिचारा वणवण फिरतोय. चुकला असेल, पण आलाय ना परत!"

तू शांतपणे पोळीचा तुकडा मोडलास. "भेटतील गं. भेटू नये असं कुठं म्हणतेय मी?"

"कधी?"

"ती त्याची वाट बघत नसेल तेव्हा."

"मग तेव्हा भेटून काय उपयोग?"

"तेव्हाच उपयोग, बाई," म्हणालीस, आणि मशीनकडे वळलीस.

ते तू हेमांगीबद्दल बोललीस की माझ्याबद्दल, हे मी तुला कधीच विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. प्रकाशचं नाव तू माझ्यापुढे काढलं नाहीस, "सोड त्याला" म्हणाली नाहीस, "थांब" म्हणाली नाहीस. बाकी सगळं ऑफिस सल्ले द्यायचं. लेलेबाई म्हणायच्या, "सुनंदा, स्त्रीची निष्ठा वाया जात नाही." शकू म्हणायची, "चुना लगाया तुला त्याने, दुसरा बघ." तू फक्त पुढचा भाग द्यायचीस.

पुढच्या भागांत हेमांगी नोकरीला लागली. पहिल्या पगारात तिने स्वतःला छत्री घेतली. सतार विकली, आणि तिला वाईट वाटलं, पण फार नाही. मग तिने स्वतःची खोली घेतली. त्या भागात दुसरं काहीही घडत नव्हतं. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला, मोरी केवढी, खुंटी कुठे ठोकायची, एवढंच. डोंबिवलीहून मतं आली की भाग संथ झाला. मी तो रात्रभर उशाला ठेवला. दुसऱ्या दिवशी भावाला म्हटलं, टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगी होतायत म्हणे, मला जाऊन बघायचंय.

एक खोली, एक स्वयंपाकघर, बाहेर मोकळं रान. नळाला पाणी यायची खात्री नाही. माझ्या नावावर घेतली. सगळ्यांना वाटलं, सुनंदाने लग्नाची तयारी केली, प्रकाश आला की लगेच संसार थाटायला. आईला तसंच वाटलं. तुलाही तसंच वाटलं, जयू. तू मला पितळेचं पातेलं दिलंस आणि म्हणालीस, "दोघांपुरतं आहे." मी पातेलं घेतलं. खरं म्हणजे मी ती खोली घेतली त्या दिवशी माझी वाट बघणं संपलं होतं. मोठा काही प्रसंग घडला नाही. भावाचा टेपरेकॉर्डर कपाटावर होता आणि खाली काढावासा वाटला नाही, एवढंच.

आणि मग प्रकाश आला. न कळवता, सरळ टिटवाळ्याला. आईने पत्ता दिला होता. आमचं काय बोलणं झालं ते मी घरी सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही. सोमवारी एवढंच सांगितलं की लग्न ठरलं. लेलेबाईंनी पेढे मागवले. त्यांचे डोळे भरून आलेले. त्यांच्या लेखी फाटक शेवटी नीट उघडलं होतं. शकूने मला उचलून गरागरा फिरवलं. तू म्हणालीस, "बरं झालं." आणि मशीनवर कव्हर घातलंस. जेवणाची सुट्टी संपायला अजून वेळ होता.

लग्नात तू काय कमी केलंस? कोळीवाड्यातल्या दहा बायका घेऊन आलीस, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, कारण आमच्याकडे पांढरं नेसतात हे तू चौकशी करून ठेवलेलं. वंदना सुरू झाली तेव्हा तुझ्या बायका इतक्या चिडीचूप उभ्या की माझ्या मामांना वाटलं या आपल्याच. जेवणं झाल्यावर मात्र अशा नाचल्या की मामा अजून नाव काढतात. सगळं केलंस. पण त्या शनिवारी भाग नव्हता. पुढच्याही नाही. डोंबिवलीहून विचारणा आली, कल्याणहून आली. तू कधी म्हणालीस रिबन सुकली, कधी म्हणालीस पोरांच्या परीक्षा. शकू माझ्यावरच उखडली. "तू शादी काय केलीस, तिकडे हेमांगी खलास!"

मला ते लागलं. बायका आठवड्याचं दळण विसरायच्या पण शनिवार विसरायच्या नाहीत, आणि ते माझ्यामुळे बंद पडलं. पुढे माझा मुलगा झाला, तू टिटवाळ्याला बाळ बघायला आलीस, तेव्हा मी तुला धरलंच. प्रकाश बाजारात गेला होता.

"का सोडलंस, ते खरं सांग."

तू बाळाच्या टोपीची नाडी बांधत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी दीड वर्ष एका बाईला फाटकाबाहेर चालवली. आणि माझ्या शेजारी बसणारी बाई एका दिवसात आत गेली. मग माझं लिहिणं कसलं? तिला परत पाठवायला हात चालेना, आणि पुढे न्यायला तोंड राहिलं नाही."

"जयू, तसं नाही झालं. त्या दिवशी मी त्याला काय म्हटलं, ऐक तरी."

"नको," तू म्हणालीस. हात वर करून. "नवरा-बायकोचं बोलणं ते. तुझा संसार चांगला चाललाय, मला आनंद आहे, खोटं नाय बोलत. पण ते मला सांगू नकोस."

मी परत एकदा सुरुवात केली तर तू बाळाला माझ्या मांडीत ठेवलंस आणि चहा टाकायला उठलीस. माझ्याच घरात. त्यानंतरही मी दोन-तीनदा विषय काढला. "ती मेली गं कधीची," म्हणून तू उडवून लावायचीस. तुझा हट्ट मला माहीत होता. मग मीही सोडून दिलं. बोलायला दुसरं पुष्कळ होतं. पोरांचे दहावीचे मार्क, तुझ्या नवऱ्याची बीपीची गोळी, ऑफिसात आलेले कॉम्प्युटर. मशीनं गेली तेव्हा तू म्हणालीस, याच्यावर प्रती कितीही निघतात पण वाचायला कोण बसलंय, घरोघरी केबल आली.

हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा तुला धाप लागत होती आणि तरी शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून नीट बघत नाही हे तू मला सविस्तर सांगितलंस. मी तुझे पाय चेपले. सांगायचं ठरवूनच गेले होते. पण तू डोळे मिटलेस, आणि झोपलेल्या माणसाला काय सांगायचं. मला फार वाटत होतं जयू, की तू हे ऐकल्याशिवाय जाऊ नयेस. तुझं लिहिणं फुकट गेलं असं मनात घेऊन गेलीस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

आता कालचं सांगते.

दहाव्याचा विधी करून पुरुष मंडळी खाडीवरून आली आणि बाहेर मांडवात बसली. आम्ही बायका आतल्या खोलीत. शकू कल्याणहून आली होती, आता जाडी झालीय आणि गुडघे धरून बसते. लेलेबाई निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी डोंबिवलीहून एकट्या आल्या, काठी टेकत. तुझी आई कोपऱ्यात भिंतीला टेकून. ती दहा दिवसांत कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती, वैशाली म्हणाली. रडलीही नव्हती. पोटची पोर आधी गेलेली, म्हातारीला कुणी काय म्हणणार?  

आणि आई एकदम बोलली. माझ्याकडे बघून.

"सुनंदा, ती पोर गेली का नाय त्याच्याकरं?"

वैशालीला कळेना. "कोण पोर, आजी?"

"ती, फाटकवाली. जयू कवा बोल्लीच नाय. मी इचारलं तर उठून जायची. मना मरायच्या आदी कलूं दे."

वैशाली रडायला लागली. शकूने नाक पुसलं आणि म्हणाली, "मैं भी यही पूछनेवाली थी, लाज वाटत होती." लेलेबाई घसा साफ करून म्हणाल्या, "आमच्या मंडळात अजून मतभेद आहेत." आणि जयू, तुझ्या दहाव्याला, तुझ्या खोलीत, तुझ्या वाचक भांडायला लागल्या. लेलेबाई म्हणाल्या, ती त्याला क्षमा करून परत बंगल्यावर जाणार, संस्कार कुठे जातात. शकू म्हणाली, जाणार बिणार काही नाही, दुसरं लग्न. शेजारच्या दोघी, ज्यांनी वाचलंही नव्हतं, त्यांनी मधूनच बाजू घेतल्या. तुझी आई एकदा हिच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे. दहा दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पहिली कार्बन माझी असायची ना.

मी सांगितलं. "आजी, शेवटचा भाग फिरला नाही, पण मला माहीत आहे. हेमांगी तिच्या खोलीत होती. भिंतींना चुना लावत होती, हात कोपरापर्यंत पांढरे. दारात अनिरुद्ध उभा. या खेपेला मागचं दार नव्हतं, एकच दार होतं खोलीला. तो म्हणाला, मी आलो. ती म्हणाली, दिसलं मला. तो म्हणाला, तू थांबलीस माझ्यासाठी. तर ती म्हणाली, नाही. थांबले होते, पण ते संपलं. ही खोली मी माझ्यासाठी घेतलीय, तुझ्यासाठी नाही. तुझ्यावाचून माझं अडत नाही आता, हे ऐकून परत जायचं असेल तर स्टेशन जवळ आहे. राहायचं असेल तर माझ्या घरी राहायचं, आणि मला कधी थांब म्हणायचं नाही."

"मग?" शकू पुढे सरकली.

"त्याने बॅग उंबऱ्यात ठेवली. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, दुसरा ब्रश आहे का."

 खिडकीबाहेर मांडवात प्रकाश पाठमोरा बसला होता, तुझ्या नवऱ्याशेजारी. त्याने मान वळवून आत पाहिलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याने नजर खाली घातली आणि तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

तुझ्या आईने मान हलवली. शुक्रवारी हलवायची तशी. आणि मग तिने पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा रडली, मोठ्याने, तुझं नाव घेऊन. वैशालीने तिला मिठीत घेतलं.

लेलेबाईंनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला पसंत नाही. पण हे जयवंतीचंच. दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही."

मी म्हटलं, "हो बाई. जयूचंच आहे."